दोन जुने संगणक, एकच नोंदवही

ग्रामपंचायतीच्या कचेरीत आणि गावच्या शाळेत संगणक येऊन आता बराच काळ लोटला आहे. राज्यात २०११ साली सुरू झालेल्या ‘संग्राम’, अर्थात ‘संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र’ या प्रकल्पाने ग्रामपंचायतीच्या टेबलावर संगणक नेऊन ठेवला. पुढे एखाद्या योजनेतून, लोकवर्गणीतून किंवा देणगीतून दुसराही आला. आज अनेक ठिकाणी असे दोन संगणक एकाच खोलीत, चार हातांच्या अंतरावर मांडलेले दिसतात. परंतु त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. एकावर कर आकारणीची नोंदवही, म्हणजे नमुना ८, भरलेली असते. प्रिंटर मात्र दुसऱ्याला जोडलेला असतो. शाळेतही हेच चित्र. मुख्याध्यापकांच्या संगणकावर हजेरीपट व निकालपत्रके, तर शिक्षकांच्या खोलीतील संगणकावर त्यांच्याच निराळ्या प्रती.

या दोन संगणकांमधील दळणवळण पेन ड्राइव्हच्या द्वारे चालते. एका यंत्रातील फाइल पेन ड्राइव्हवर घ्यावयाची, दुसऱ्यात उतरवावयाची, तेथे दुरुस्ती करून पुन्हा पहिल्यात न्यावयाची, असा हा क्रम असतो. चार-सहा वेळा हा प्रवास झाला की ‘यादी’, ‘यादी नवीन’, ‘यादी अंतिम’, ‘यादी अंतिम दुरुस्त’ अशा नावांच्या फाइलींनी दोन्ही संगणक भरून जातात. यांपैकी खरी प्रत कोणती, हे ती तयार करणाऱ्यालाही सांगता येईनासे होते.

एका यादीची गोष्ट

ही अडचण केवळ गैरसोयीची आहे असे कोणी समजू नये. काही वर्षांपूर्वी एका गावच्या ग्रामसभेस प्रस्तुत लेखक उपस्थित होता. एका योजनेच्या लाभार्थ्यांची यादी वाचून दाखविण्यात आली. यादी संपली तेव्हा मागील बाजूस बसलेल्या एका वृद्ध बाई उठून उभ्या राहिल्या आणि आपले नाव का आले नाही असे त्यांनी विचारले. त्यांचा अर्ज महिन्यापूर्वीच मंजूर झाला होता व नावही यादीत चढविले गेले होते. ते चढले होते पहिल्या संगणकावरील प्रतीत. वाचली गेली ती, प्रिंटर ज्याला जोडलेला होता त्या दुसऱ्या संगणकावरील, दुरुस्तीपूर्वीची प्रत. कोणाच्याही मनात कपट नव्हते. तरीही चूक सुधारून कागद पुन्हा वरपर्यंत जाण्यास कित्येक आठवडे गेले आणि तोवर त्या बाईंना तीन खेपा घालाव्या लागल्या.

त्या कचेरीतील दोन्ही संगणक एका साध्या केबलने जोडलेले असते आणि यादीची एकच प्रत ठेवण्याचा नियम असता, तर हा प्रसंग टळला असता. अशी जोडणी कशी करावी, तिला खर्च किती येतो व कोणती पथ्ये पाळावी लागतात, याची माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

कल्पना जुनीच

दोन संगणक तारेने जोडण्याची कल्पना वैयक्तिक संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी ‘इथरनेट’ या पद्धतीची कल्पना मांडली व डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. एकाच तारेवर अनेक संगणकांनी आळीपाळीने बोलावे, दोघे एकदम बोलू लागल्यास दोघांनी थांबून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा, असे तिचे मूळ तत्त्व होते. १९८३ साली या पद्धतीस प्रमाण स्वरूप मिळाले. आज आपल्या संगणकाच्या मागील बाजूस टेलिफोनच्या खोबणीपेक्षा थोडी रुंद अशी जी खोबण दिसते, ती याच पद्धतीची होय.

ही सोय स्वस्त होण्यापूर्वी लोक दुसऱ्या मार्गाने काम भागवीत. संगणकाच्या मागील ‘सीरियल’ खोबणीत केबल घालून दोन यंत्रे जोडली जात आणि ‘लॅपलिंक’सारख्या प्रोग्रामने फाइली पाठविल्या जात. १९९३ साली आलेल्या एम्‌एस-डॉसच्या सहाव्या आवृत्तीत तर यासाठी ‘इंटरलिंक’ नावाची सोय अंगभूतच होती. मात्र या मार्गाचा वेग फार मंद असे. सेकंदाला १,१५,२०० बिट या गतीने दहा मेगाबाइटची एक फाइल पाठवावयास सुमारे पंधरा मिनिटे लागतात. तीच फाइल सेकंदाला १०० मेगाबिट गतीच्या इथरनेटवरून एक-दोन सेकंदांत जाते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या जवळजवळ प्रत्येक संगणकात ही १०० मेगाबिटची सोय असतेच. म्हणजे आवश्यक ते यंत्र बहुतेक कचेऱ्यांत पूर्वीच येऊन पडले आहे. उणीव आहे ती केवळ एका केबलची.

काय लागते?

जोडणीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात एकाच केबलची दोन टोके दोन संगणकांत घालावयाची. दुसऱ्यात मध्ये ‘स्विच’ नावाची एक छोटी डबी ठेवून प्रत्येक संगणकापासून एकेक केबल तिच्यात आणावयाची.

पहिल्या प्रकारात एक बारीक मुद्दा ध्यानी घ्यावा लागतो. या केबलमध्ये आठ तारा असतात व त्यांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात. १०० मेगाबिटच्या जोडणीत त्यांपैकी दोनच जोड्या कामास येतात: एक बोलण्यासाठी आणि एक ऐकण्यासाठी. साधी केबल दोन संगणकांत थेट घातली तर एकाचे तोंड दुसऱ्याच्या तोंडाशी व कान कानाशी जोडला जातो आणि संवाद होत नाही. म्हणून जुन्या संगणकांसाठी ‘क्रॉसओव्हर’ केबल लागते. तिच्या एका टोकाच्या पहिल्या व दुसऱ्या तारा दुसऱ्या टोकाला तिसऱ्या व सहाव्या जागी नेलेल्या असतात. संगणक दुरुस्तीच्या दुकानात अशी केबल काही मिनिटांत तयार करून मिळते. दोनांपैकी एक जरी संगणक गिगाबिट गतीचा असेल, तर तो बहुधा ही अदलाबदल आपण होऊन करतो व साधी केबलही चालते.

तथापि, शक्य असेल तेथे स्विच घेणे अधिक सोयीचे होय. पाच खोबणींचा साधा स्विच सामान्यतः हजार रुपयांच्या आत मिळतो. त्यामुळे साध्या केबली चालतात, पुढे तिसरा संगणक जोडता येतो आणि प्रिंटरला अशी खोबण असल्यास तोही सर्वांना वापरता येतो. घेतलेल्या वस्तूची जडवस्तू संग्रह नोंदवहीत रीतसर नोंद करण्यास मात्र विसरू नये.

केबलची लांबी १०० मीटरपर्यंत चालते. एका इमारतीसाठी ती पुरेशी आहे. ती विजेच्या तारांच्या नळीतून नेऊ नये. शाळेच्या दोन इमारतींमध्ये उघड्यावरून केबल ताणण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात जवळपास वीज पडली तर त्या तारेतून दोन्ही संगणक एकदम निकामी होण्याचा धोका असतो. तसेच दोन्ही टोकांना सारखेच चपटे यूएसबी तोंड असलेली साधी केबल घेऊन दोन संगणक जोडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. तिने फाइली जात नाहीतच, उलट यंत्राला इजा होऊ शकते.

जोडणीची रीत

केबल घातल्यावर खोबणीपाशी छोटा दिवा लागला, म्हणजे तारेचे काम झाले असे समजावे. यानंतर प्रत्येक संगणकास एक पत्ता द्यावा लागतो. खाजगी वापरासाठी काही पत्ते जगभर राखून ठेवलेले आहेत. त्यांपैकी पहिल्या संगणकास १९२.१६८.१०.१ आणि दुसऱ्यास १९२.१६८.१०.२ असा पत्ता द्यावा. दोहोंच्या ‘सबनेट मास्क’च्या जागी २५५.२५५.२५५.० लिहावे. हे आकडे इंग्रजी अंकांत टंकित करावयाचे असतात. ‘गेटवे’ची जागा कोरी ठेवावी. पत्त्याचे पहिले तीन भाग सारखे म्हणजे गल्ली एकच आणि शेवटचा भाग वेगळा म्हणजे घर वेगळे, असे मनाशी धरले की यातील गूढ उरत नाही.

आता दोनांपैकी एक संगणक मुख्य ठरवावा. जो अधिक भरवशाचा, ज्याला यूपीएसची जोड आहे व जो कचेरीच्या वेळात सतत चालू राहील, त्याला हा मान द्यावा. त्यावर, शक्यतो ज्या भागात विंडोज बसविलेले नाही अशा भागात, ‘दप्तर’ या अर्थाचे एक फोल्डर करावे. त्याचे नाव इंग्रजी लिपीत व मध्ये जागा न सोडता लिहिल्यास पुढे अडचण येत नाही. त्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘शेअरिंग’ या सदरातून ते दुसऱ्या संगणकास खुले करावे.

बहुतेकांचे घोडे अडते ते येथेच, आणि त्याची कारणे ठरलेली असतात. पहिले कारण पासवर्डचे. पासवर्ड कोरा असलेल्या खात्यास विंडोज तारेवरून आत येऊ देत नाही. यास्तव दोन्ही संगणकांवर एकाच नावाचे व एकाच पासवर्डचे खाते उघडावे. दुसरे कारण असे की, गेटवे नसलेल्या जोडणीस विंडोज अनोळखी समजते व तिला सार्वजनिक ठिकाणचे कडक नियम लावते. म्हणून शेअरिंगच्या प्रगत पर्यायांत जाऊन ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ त्या सदरापुरते चालू करावे लागते. हाच संगणक पुढे बाहेर नेऊन इतरत्र जोडावयाचा असेल, तर हा पर्याय प्रथम बंद करावा. तिसरे कारण मुख्य संगणकाला येणाऱ्या झोपेचे! काही वेळ काम न झाल्यास तो आपोआप निद्रिस्त होतो आणि दुसऱ्याला फोल्डर दिसेनासे होते. मुख्य संगणकावर ही निद्रेची सोय बंद ठेवावी.

इतके झाल्यावर दुसऱ्या संगणकावरून, दोन उलट्या तिरप्या रेघा व पुढे मुख्य संगणकाचा पत्ता टंकित केला असता ते फोल्डर समोर दिसते. त्याला ‘झेड’सारखे एक ड्राइव्हचे अक्षर जोडून ठेवले म्हणजे रोजच्या वापरात ते आपल्याच यंत्रात असल्यासारखे उघडता येते. प्रिंटरही याच रीतीने दोघांना वापरता येतो.

अक्षरे बदलतात तेव्हा

फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, पण मराठी मजकुराच्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरे व चिन्हे दिसू लागली, असा अनुभव पुष्कळांना येतो आणि दोष जोडणीला दिला जातो. वास्तविक दोष जोडणीचा नसतो. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर ‘योगेश’ किंवा ‘कृतिदेव’ यांसारख्या टंकांत लिहिला जाई. या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी अक्षरांची चित्रे बसविलेली असतात. ज्या संगणकात तो टंक नाही, तेथे मूळची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. तो टंक दुसऱ्या यंत्रात बसविला की तात्पुरते काम भागते. परंतु कायमचा उपाय म्हणजे जुने मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे व नवे सर्व लेखन युनिकोडमध्येच करणे. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि विशेषतः नावे डोळ्यांखालून घालणे अत्यावश्यक आहे. कारण नावातील एका अक्षराच्या फरकाने एखाद्याचा दाखला अडू शकतो.

जुन्या यंत्रांची पथ्ये

जुना संगणक वापरण्यात कमीपणा नाही. पण त्याची प्रकृती ओळखून वागावे लागते. विंडोज एक्सपीस मिळणारे सुरक्षेचे साहाय्य एप्रिल २०१४ मध्ये, विंडोज ७ चे जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. असे साहाय्य थांबलेल्या संगणकात नवे छिद्र सापडल्यास ते सहसा बुजविले जात नाही.

याचा परिणाम काय होतो, हे मे २०१७ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रवी प्रोग्राम फाइलींना कुलूप घालून खंडणी मागू लागला व काही दिवसांतच दीडशेच्या आसपास देशांत पसरला. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना आपल्या रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. विशेष असे की, फाइलींची देवाणघेवाण करण्याची जी सोय आपण येथे पाहत आहोत, तिच्याच पहिल्या व जुन्या पद्धतीतील छिद्रातून तो एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होता. त्या छिद्रावरील उपाय दोन महिने आधी प्रसिद्ध झाला होता. ज्यांनी तो लावला नव्हता, त्यांना फटका बसला.

यावरून दोन पथ्ये निघतात. पहिले, ज्या संगणकांचे साहाय्य थांबले आहे त्यांची जोडणी इंटरनेटपासून अलग ठेवावी. ऑनलाइन कामे साहाय्य चालू असलेल्या नव्या संगणकावर करावीत आणि तो जुन्या जोडीला कायमचा बांधू नये. पेन ड्राइव्ह वापरणे भाग पडेल तेव्हा तो प्रथम तपासून घ्यावा. दुसरे, एक्सपीचा संगणक नव्या विंडोजशी जोडण्याचा हट्ट धरू नये. एक्सपीला केवळ ती जुनी पद्धतच येते आणि २०१७ च्या अखेरीपासूनच्या विंडोज १० मध्ये ती मुळात बसविलेली नसते. ती मुद्दाम चालू करणे म्हणजे बंद केलेले दार पुन्हा उघडणे होय. अशा संगणकावर लिनक्स बसविणे हा एक मार्ग आहे. सी-डॅक या आपल्या शासकीय संस्थेने ‘बॉस’ नावाचे लिनक्स तयार केले आहे. इतर जी लिनक्स मिळतात, त्यांपैकी काही विशेषकरून कमी क्षमतेच्या यंत्रांसाठीच असतात. लिनक्सला विंडोजशी बोलता यावे म्हणून ‘सांबा’ हा प्रोग्राम विनामूल्य उपलब्ध आहे; अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात त्याची सुरुवात १९९१ साली केली.

आणखी एक लहानशी, पण महत्त्वाची बाब. जुन्या संगणकातील घड्याळ चालविणारी नाण्याच्या आकाराची बॅटरी काही वर्षांनी संपते. मग वीज गेली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि आज दुरुस्त केलेली फाइल जुनी भासू लागते. दोन संगणकांच्या तारखा जुळत नसतील, तर अलीकडची प्रत कोणती हे ओळखण्याचे साधनच नाहीसे होते. बॅटरी अगदी अल्प किमतीत मिळते. जोडणी करतानाच ती बदलून घ्यावी.

एक प्रत, एक जबाबदारी

तार जोडली म्हणजे सारे साधले असे नव्हे. जोडणीचा खरा लाभ मिळावयाचा असेल, तर कचेरीने काही नियम स्वतःला घालून घेतले पाहिजेत. नोंदवहीची मूळ प्रत मुख्य संगणकावरील सामाईक फोल्डरातच राहील. कोणीही ती आपल्या यंत्रावर उतरवून तेथे दुरुस्त करणार नाही. कोणास केवळ वाचता यावे व कोणास बदल करता यावा, हे सरपंच किंवा मुख्याध्यापक यांच्या संमतीने ठरवून तशीच मुभा संगणकावर द्यावी. एकाने फाइल उघडली असता दुसऱ्यास ‘केवळ वाचनासाठी’ अशी सूचना दिसली, तर नवी प्रत न करता पहिल्याचे काम संपेपर्यंत थांबावे. आधार क्रमांक, बँक खाते यांसारखा खाजगी तपशील सर्वांना खुल्या असलेल्या फोल्डरात ठेवू नये.

सामाईक प्रत म्हणजे राखीव प्रत नव्हे, याचेही भान असावे. मुख्य संगणकाची डिस्क बिघडली तर दोघांचेही दप्तर एकदम जाईल. म्हणून दर आठवड्यास एक प्रत बाहेरील डिस्कवर घेऊन, तीवर दिनांक लिहून, ती कपाटात कुलपाखाली ठेवावी. एरवी ती कोणत्याही संगणकास जोडलेली असू नये.

मोठ्या योजना व मोठी यंत्रणा यांची वाट पाहण्यात वेळ जातो आणि तोवर हाताशी असलेले साधन तसेच पडून राहते. दोन जुने संगणक, एक केबल आणि घालून घेतलेली शिस्त एवढ्यावर पुष्कळ काही साधता येते. त्या ग्रामसभेनंतर त्याच कचेरीत पुढे अशी जोडणी झाली. आता यादीत नाव चढते ते एकदाच, आणि ग्रामसभेत वाचली जाते ती तीच यादी. आपल्या गावच्या कचेरीत कोणाचे नाव दोन संगणकांच्या मध्येच हरवलेले नाही ना, हे एकदा पाहावयास काय हरकत आहे?